न दुखणारं दुखणं

'या वयात कसलं आलंय बीपी!' हे वाक्य आमच्या केंद्रावर येणाऱ्या फोनांत आणि चिठ्ठ्यांत इतक्या वेळा आलं, की यावेळच्या आरोग्याच्या भागासाठी तेच हाती घ्यावं असं आम्हां सगळ्याजणींना वाटलं. कुणाची सून 26 वर्षांची, कुणाचा मुलगा 29चा, कुणी स्वतःच 31ची. शिबिरात पट्टा बांधला, आकडा दीडशेच्या पुढे गेला आणि घरात एकच निकाल लागला: मशीन बिघडलं असणार. केस पांढरे होतात तसं वय झालं की बीपी येतं, त्याआधी नाही, अशी आपली समजूत.

मैत्रिणींनो, ही समजूत काही आपल्या अडाणीपणातून आलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी जगातले नावाजलेले डॉक्टरही साधारण असंच धरून चालत होते. ती चुकीची आहे हे कळायला बराच काळ गेला आणि बरेच जीवही गेले. ती हकीकत आज सांगतो.

रक्ताला दाब असतो हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते इंग्लंडातल्या एका पाद्र्यांनी. स्टीफन हेल्स त्यांचं नाव. झाडात पाणी वर कसं चढतं याचा ते शोध घेत, आणि तेच कुतूहल पुढे प्राण्यांच्या रक्ताकडे वळलं. त्यांनी एका घोडीला आडवी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळेची नळी घातली आणि तिला काचेची उंच नळी जोडली. रक्त त्या नळीत 8 फूट 3 इंच चढलं. 1733 साली त्यांनी हे छापलं. प्रयोग क्रूरच होता, आणि माणसावर तर करण्यासारखा नव्हताच. त्यामुळे पुढची शंभर-सव्वाशे वर्षं माणसाचा दाब कळायचा तो वैद्याच्या बोटांना, नाडीवर. नाडी मऊ आहे की कडक, एवढंच.

यानंतरचं नाव ऐकून तुम्हाला नवल वाटेल: फ्रेडरिक अकबर महमद. त्यांचे आजोबा शेख दीन महमद मूळचे पाटण्याचे. कंपनी सरकारच्या फौजेबरोबर हिंडून ते पुढे विलायतेला गेले आणि ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेच्या स्नानाचं आणि चंपी-मालिशचं स्नानगृह थाटलं. शाम्पू हा इंग्रजी शब्द आपल्या चंपीवरूनच तिकडे गेला, तो याच काळातला. तर त्यांचा हा नातू 1849 साली जन्मला आणि लंडनच्या गायज् हॉस्पिटलात डॉक्टर झाला. विद्यार्थी असतानाच त्याने मनगटावर बांधायचं एक यंत्र सुधारून घेतलं. नाडी उडाली की त्यातली काडी हलायची आणि कागदावर रेघ उमटायची. रेघेच्या आकारावरून दाब किती असेल याचा अंदाज बांधता यायचा.

त्याच हॉस्पिटलात आधी शिकवलं गेलं होतं, की मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाची नाडी कडक होते. महमद यांनी शेकडो रेघा पाहिल्या आणि म्हटलं, क्रम उलटाही असतो. मूत्रपिंड ठीक आहे, माणूस हिंडतोफिरतो आहे, वरवर पाहता ठणठणीत आहे, तरी दाब जास्त आहे. आणि मूत्रपिंडं बिघडतात ती त्यानंतर, वर्षानुवर्षांनी. म्हणजे आजार आधी येतो, त्रास मागाहून. आज आपल्याला आशाताई जे समजावून सांगतात, त्याचं हे मूळ. 1884 साली विषमज्वराने महमद गेले, तेव्हा ते अवघे 35 वर्षांचे होते. त्यांचं म्हणणं पुढं नेणारं जवळ कुणी उरलं नाही आणि ते कितीतरी वर्षं मागे पडलं. आम्हाला या सगळ्या इतिहासातला हाच माणूस सर्वांत जवळचा वाटतो. तो आपल्या मातीतल्या घराण्यातला होता म्हणून तर खरंच, पण त्याहीपेक्षा त्याने धडधाकट दिसणाऱ्या माणसाची नाडी बघायचे कष्ट घेतले म्हणून.

आज दंडावर जो पट्टा बांधतात तो 1896 सालचा. इटलीतल्या तुरिन शहरात रीव्हा-रोची नावाच्या डॉक्टरांनी सायकलच्या चाकातली ट्यूब, पाऱ्याची नळी आणि दौत अशा घरगुती वस्तू जुळवून तो केला. त्यातून फक्त वरचा आकडा कळायचा. 1905 साली रशियातले तरुण शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली कोपराच्या खळगीत नळी लावून ऐकायची युक्ती काढली. पट्टा सैल करताना ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा आकडा, ठोके विरतात तो खालचा. त्यांचा तो लेख जेमतेम एका पानाचा होता.

यंत्र आलं, पण त्याचा अर्थ आधी कुणाला कळला असेल? विमा कंपन्यांना! अमेरिकेतल्या एका मोठ्या विमा कंपनीने 1907च्या सुमारास अर्जदारांचं बीपी मोजून घ्यायला सुरुवात केली. त्यांचा हिशेब सरळ होता. विमा उतरवणारी माणसं बहुतेक कर्ती, तरुण, स्वतःला निरोगी समजणारी. त्यांतल्या कुणाचे पैसे लवकर द्यावे लागतात, हे वह्यांत दिसत होतं. ज्यांचा दाब जास्त, ते लवकर जात होते. दवाखान्यात आजारी माणूस येतो, विम्याच्या कचेरीत निरोगी माणूस येतो. म्हणून जे डॉक्टरांना दिसलं नाही ते हिशेबनिसांना दिसलं.

डॉक्टरांची समजूत मात्र निराळी होती. वय वाढलं की रक्तवाहिन्या अरुंद होतात, मग त्यांतून रक्त ढकलायला जास्त दाब लागणारच, असं ते म्हणत. म्हणजे तो दाब शरीराची गरजच. म्हणून त्या आजाराला इंग्रजीत 'इसेन्शियल', आवश्यक, असं नावच पडलं आणि ते अजून चालू आहे. 1930च्या दशकातल्या पाठ्यपुस्तकांत नामवंत हृदयतज्ज्ञ लिहीत, की दाब कमी करायच्या भानगडीत पडू नये.

याची किंमत एका माणसाने सगळ्या जगाच्या देखत मोजली. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. 1941 साली त्यांचं बीपी 188/105 होतं. 1944च्या मार्चमध्ये हृदयतज्ज्ञाने तपासलं तेव्हा 186/108. त्यांचे खासगी डॉक्टर नाक-कान-घशाचे. ते लोकांना सांगत राहिले, साहेबांची तब्येत वयाच्या मानाने उत्तम आहे. 12 एप्रिल 1945 रोजी दुपारी रूझवेल्टांनी डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय असं म्हटलं आणि ते कोसळले. तेव्हाचं माप होतं 300/190. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच दिवशी ते गेले. वय 63. आकाशातून वीज पडावी तसं झालं, असं मागाहून सांगण्यात आलं. पण वीज कसली? आकडे चार वर्षं कागदावर लिहिलेले होते.

तीन वर्षांनी, 1948 साली, अमेरिकी सरकारच्या पैशातून फ्रेमिंगहॅम नावाच्या छोट्या गावात एक अभ्यास सुरू झाला. 30 ते 62 वर्षांची 5,209 माणसं, त्यात बायकाही होत्या. दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी करायची आणि वाट पाहायची. कुणाला हृदयविकार होतो, कुणाला अर्धांगवायू. त्यातून हळूहळू स्पष्ट झालं की वाढलेला दाब ही शरीराची गरज नसून धोका आहे. बायकांनाही आहे, आणि खालचाच आकडा महत्त्वाचा ही डॉक्टरांची समजूतही खरी नाही.

पण धोका आहे म्हणून करायचं काय? त्या काळी उपाय फार थोडे होते. मिठाचा कण नसलेला भात आणि फळं खाऊन काही महिने काढायचे, नाहीतर पाठीतल्या नसा कापायची मोठी शस्त्रक्रिया. आणि इथे मुंबई येते. डॉ. रुस्तम जाल वकील हे परळच्या केईएम हॉस्पिटलात हृदयरोगाचं काम करत. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे जुन्या काळापासून झोप येण्यासाठी आणि वेडावर वापरली जायची; 1931 साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी तिने दाबही उतरतो असं लिहिलं होतं. डॉ. वकील यांनी ती रुग्णांना पद्धतशीर देऊन, आकडे मांडून, 1949 साली इंग्लंडातल्या हृदयरोगाच्या मासिकात प्रसिद्ध केलं. ते वाचून सगळ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं औषधी द्रव्य वेगळं काढलं आणि पुढे काही वर्षं ते जगभर लिहून दिलं जात होतं. 1957 साली डॉ. वकील यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आता ते औषध मागे पडलंय, कारण त्याने नाक चोंदतं आणि काहींना फार उदासी येते. हे मुद्दाम सांगतो, कारण बाजारात सर्पगंधेच्या पुड्या अजून मिळतात आणि 'झाडपाला आहे, अपाय नाही' म्हणून दिल्या जातात. अपाय होतो. डॉ. वकील यांनी ती तोलून-मापून, रुग्णावर लक्ष ठेवून दिली होती.

औषधाने दाब उतरवला तर माणूस वाचतो, याचा पक्का पुरावा 1967 आणि 1970 साली आला, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांतून. पहिल्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत इतका फरक दिसला की तो दीड-दोन वर्षांतच थांबवावा लागला. मात्र त्यातले सगळे रुग्ण पुरुष. एकही बाई नाही.

आता तंदुरुस्तीकडे येऊ. इथली गोष्ट लंडनच्या दुमजली बसपासून सुरू होते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी महायुद्धानंतर बसच्या हजारो कामगारांची माहिती जमवली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच वस्तीतले, एकाच पगाराच्या आसपासचे, एकाच धुरातले. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिना वर-खाली करणारा, दिवसाला पाच-सहाशे पायऱ्या. मुंबईतल्या बेस्टच्या जुन्या दुमजली बसमधले कंडक्टर ज्यांनी पाहिलेत त्यांना चित्र लगेच डोळ्यापुढे येईल. 1953 साली मॉरिस यांनी छापलं: कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर त्यातून वाचण्याचं प्रमाणही जास्त. हुशारी यापुढची. कुणी म्हणेल, ड्रायव्हर मुळातच जाड असतील. मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींच्या कमरेची मापं मागवून घेतली आणि पाहिलं, तर ड्रायव्हर खरोखरच जाड होते, पार तरुण वयातलेसुद्धा. म्हणजे गोष्ट निव्वळ पायऱ्यांची नव्हती, आणि हे त्यांनी झाकून ठेवलं नाही. मात्र बारीक काय, जाड काय, फरक दोन्हींत दिसतच राहिला.

मग हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास आला, राल्फ पॅफनबार्गर यांचा. 1983 साली त्यांनी दाबाबद्दल जे छापलं ते आम्हाला फार बोलकं वाटतं. जे पुरुष दमदार खेळ किंवा व्यायाम करत नव्हते त्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याची शक्यता करणाऱ्यांपेक्षा 35 टक्के जास्त. आणि कॉलेजात असताना कोण मैदान गाजवत होता, याचा पुढे काही उपयोग दिसला नाही. आपल्याकडे 'शाळेत मी खो-खोत जिल्ह्याला खेळले होते' असं सांगणाऱ्या कितीतरी जणी आहेत, आमच्यातही आहेत. त्या दमाचं व्याज मिळत नाही. लग्न झालं, मैदान सुटलं, की ते खातं बंद.

हे सगळे अभ्यास पुरुषांचे किंवा वयाने मोठ्यांचे. तरुण मुलामुलींपासून सुरुवात करावी, हे 1985-86 साली अमेरिकेत चार शहरांत सुरू झालेल्या अभ्यासाने केलं. 18 ते 30 वर्षांची पाच हजारांहून अधिक माणसं, काळी आणि गोरी, आणि त्यात निम्म्याहून जास्त स्त्रिया. प्रत्येकाला चढ वाढत जाणाऱ्या फिरत्या पट्ट्यावर चालवून दम कुठे संपतो ते पाहिलं. पंधरा वर्षांनंतरचा निष्कर्ष 2003 साली आला. ज्यांचा दम सर्वांत कमी होता त्यांना उच्च रक्तदाब, मधुमेह यांसारखे आजार जडण्याचं प्रमाण चांगला दम असणाऱ्यांच्या तीन ते सहा पट. वजन हिशेबात धरलं तर हा फरक खाली आला, पण दुपटीवर थांबला. बारीक आहे म्हणून सुटली, असं नाही. आणखी पंधरा वर्षांनी, 2018 साली, याच मंडळींवरून दिसलं की चाळिशीच्या आत ज्यांचा दाब चढलेला होता, त्यांना पुढे हृदयाचे आणि मेंदूचे झटके जास्त आले.

हे घडतं कसं? दमाचा व्यायाम केला की रक्त वेगाने वाहतं आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर त्यांना सैल ठेवणारं द्रव्य सोडतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त टाकायला शिकतं, म्हणून एरवी सावकाश चालतं. ज्यांचा दाब वाढलेला आहे, त्यांचा नियमित व्यायामाने वरचा आकडा साधारण 5 ते 8ने उतरतो. एका गोळीचं काम होतं म्हणा जवळजवळ. पण हे टिकतं ते व्यायाम चालू असेपर्यंतच.

इथे आमच्यात वाद झाला. शेतात, बांधकामावर, ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या मैत्रिणी म्हणाल्या, आम्ही पहाटेपासून राबतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता? प्रश्न रास्त आहे. अलीकडे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं आणि त्यांना असं दिसलं की कामावरचे कष्ट आणि मोकळ्या वेळचा व्यायाम यांचा हृदयावर सारखा परिणाम होत नाही. ओझं उचलून तासन्‌तास वाकून राहिलं, मधे विसावा नाही, पुरेशी झोप नाही, तर दाब दिवसभर चढलेलाच राहतो. कंडक्टर जिना चढायचा, पण मधे उभा राहायचा, चार शब्द बोलायचा. मोळी डोक्यावर घेऊन चालणारीला ते कुठलं? म्हणून 'कष्टकरी बाईला बीपी होत नाही' हे आम्ही मानत नाही, आणि तिला 'सकाळी फिरायला जा' असं सांगणंही आम्हाला पटत नाही. तिला आधी विसावा हवा. खुर्चीवर बसून शिवणकाम किंवा कॉम्प्युटरचं काम करणारीला मात्र चालायला सांगू: आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने.

बायकांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी इतिहासाने उशिरा सांगितल्या. 1960 साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली. काही बायकांचा दाब त्या गोळीने वाढतो हे त्या दशकाच्या शेवटी-शेवटी लिहिलं जाऊ लागलं. म्हणून गोळी सुरू करताना बीपी मोजायलाच हवं. आणि गरोदरपणात ज्यांचा दाब वाढला होता, पायांवर-चेहऱ्यावर सूज आली होती, झटक्यांची भीती होती, त्यांचा दाब बाळंतपणानंतर उतरला तरी पुढे त्यांना उच्च रक्तदाब होण्याचा संभव इतरांहून जास्त असतो. आपल्याकडे बाळ झालं की आईचं कार्ड पेटीत जातं. ते कार्ड जपून ठेवा आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा दाखवा.

आपल्या देशात किती जणांना हे आहे? 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 वर्षांवरच्या स्त्रियांपैकी 21 टक्के आणि पुरुषांपैकी 24 टक्के. घरोघरची सरकारी तपासणी मुख्यतः 30 वर्षांपुढच्यांची होते. त्यामुळे 22-25ची मुलगी गरोदर नसेल तर तिच्या दंडाला पट्टा लागतच नाही. 2022च्या नवरात्रात महाराष्ट्रात 'माता सुरक्षित, तर घर सुरक्षित' ही मोहीम झाली, तिच्यात 18 वर्षांपुढच्या बायकांना तपासलं. कितीतरी मुलींच्या दंडाला तेव्हा पहिल्यांदा पट्टा बांधला गेला असेल.

आता सुरुवातीच्या त्या 'मशीन बिघडलं असणार'बद्दल. कधी कधी खरंच माप चुकतं, पण दोष बहुधा मशीनचा नसतो. धावतपळत येऊन लगेच मोजलं, लघवीला लागलेली आहे, चहा आत्ताच झालाय, मोजताना गप्पा चालू आहेत, पाय अधांतरी लोंबताहेत, तर आकडा वाढतो. दंड जाड आणि पट्टा लहान, तरी वाढतो. आणि एक खास आपलं: ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवली की ती दोरीसारखी आवळते. सैल बाहीचं घालून जा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात छातीच्या उंचीवर ठेवा, दोनदा मोजून घ्या. दोन-तीन वेगळ्या दिवशी आकडा 140/90 किंवा त्याहून वर आला, तर तो खरा आहे, वय काहीही असो.

आणि वय कमी असेल तर एक जास्तीचं काम. विशी-तिशीत दाब बराच वाढलेला असेल तेव्हा मूत्रपिंड, थायरॉइड, मूत्रपिंडाला रक्त नेणारी धमनी यांत काही दोष आहे का हे डॉक्टर शोधतात, कारण तो सापडला तर मूळच दुरुस्त करता येतं. 1908 साली जपानमधल्या ताकायासू नावाच्या नेत्रवैद्यांनी एका तरुण बाईच्या डोळ्यांत विचित्र रक्तवाहिन्या पाहिल्या. मोठ्या धमन्यांना सूज येणारा तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि तो जास्त करून आशियातल्या तरुण स्त्रियांना होतो. त्यात एका हाताची नाडी लागते, दुसऱ्याची लागत नाही, आणि दोन्ही हातांच्या मापांत मोठा फरक पडतो. म्हणून 26 वर्षांच्या त्या सुनेला घेऊन जाल तेव्हा दोन्ही दंडांना पट्टा बांधायला सांगा आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहून घ्या. मिठाबद्दल बऱ्याच जणींनी विचारलंय. ते पापड-लोणच्यांच्या दिवसांआधी, पुढच्या भागात.